अ‍ॅव्हरिल टिनियनची पहिली चूक

उत्तर इंग्लंडातल्या मेरीपोर्टच्या पंपांच्या कारखान्यात दोन गोष्टींवर कुणी वाद घालत नसे. कँटीनचा चहा आणि अ‍ॅव्हरिल टिनियनचा हिशेब. चहावर बोलून काही उपयोग नव्हता, कारण तो सुधारणार नव्हता. अ‍ॅव्हरिलच्या हिशेबावर बोलायची कुणाची टाप नव्हती.

सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि अ‍ॅव्हरिल पगारखात्यात लागली, त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. तेव्हा दर गुरुवारी पगार रोख मिळायचा, खाकी पाकिटात. पाकिटाचा एक कोपरा कापलेला असायचा, म्हणजे न फोडता बाहेरूनच नोटा मोजता याव्यात. एकदा पाकीट फोडलं की तक्रार ऐकली जात नसे. पहिल्या गुरुवारी अ‍ॅव्हरिलनं भरलेल्या पाकिटांत तिच्या बापाचंही एक होतं. विल्फ टिनियन ओतशाळेत साचे करायचा. त्याचं पाकीट तिनं तीनदा मोजलं. विल्फ खिडकीशी आला, मागं चाळीस माणसं उभी असताना त्यानं कोपऱ्यातून सावकाश नोटा मोजल्या आणि म्हणाला, "बरोबर आहे, मिस टिनियन." घरी गेल्यावर या विषयावर एक शब्द नाही. पण त्या रात्री जेवताना ताटातला सॉसेजचा मोठा तुकडा अ‍ॅव्हरिलच्या वाट्याला आला, आणि टिनियनांच्या घरात याच्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक कुणाला मिळालेलं नव्हतं.

तिनं लग्न केलं नाही. केलं असतं तर नवऱ्याची पगाराची स्लिप तिनं महिन्याच्या महिन्याला तपासली असती आणि बिचारा पळून गेला असता, असं कँटीनमध्ये म्हणत. तिच्यासमोर नव्हे. तिच्या लेखी साठीच्या आतला प्रत्येक पुरुष 'बाळा' होता, आणि साठीच्या पुढचे 'अरे तू अजून आहेस?' रोख पाकिटं गेली, बँका आल्या. मग तीन बाजूंनी फाडून उघडायच्या कागदी स्लिपा आल्या, मग त्याही गेल्या आणि स्लिप फोनवर येऊ लागली. खिडकी मात्र राहिली. साहेब लोकांना ती बुजवायची होती. अ‍ॅव्हरिल म्हणाली, "बुजवा, पण मला आत ठेवून बुजवा." तो विषय तिथंच संपला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, केल्विन फिअरन त्या खिडकीशी आला.

केल्विन अडतीस वर्षांचा, जोडणीखात्यातला सगळ्यात चांगला फिटर आणि गेली चार वर्षं तिथला मुकादम. खात्याचा मॅनेजर निवृत्त होत होता आणि जागा केल्विनला देऊ केली होती. पगार वर्षाला बासष्ट हजार नऊशे पौंड, एप्रिलपासून. उत्तर शुक्रवारी दुपारी बाराच्या आत हवं होतं.

"मग तोंड असं का, बाळा? कुणी मेलंय?"

"नाही म्हणून सांगायचं म्हणतोय."

अ‍ॅव्हरिलनं चष्मा काढला. ती चष्मा काढायची म्हणजे प्रकरण गंभीर. "का?"

"शॉनाचे पैसे जातात."

शॉना त्याची बायको. सकाळी शाळेच्या जेवणघरात काम करायची, आणि घरात तीन मुलं होती. मुलांपोटी सरकार जो भत्ता देतं तो शॉनाच्या खात्यात यायचा, आठवड्याला साठ पौंडांच्या आसपास. म्हाताऱ्या बायका त्याला अजून 'फॅमिली अलाउन्स'च म्हणतात. एकेकाळी त्यांनी तो दर मंगळवारी पोस्टात रांग लावून, पासबुकावर शिक्का मारून घेतलेला असतो. तो आईचा पैसा. त्याला नवरा हात लावत नाही, नवऱ्यानं विचारायचंही नसतं. अख्ख्या मेरीपोर्टमध्ये दारुडेसुद्धा हा नियम पाळत आले.

"कुणी सांगितलं जातात म्हणून?"

"जॉबलिंग म्हणतो, साठ हजारांच्या वर एक पौंड गेला की सगळा भत्ता गेला."

"जॉबलिंग!" जोडणीखात्यातल्या दुसऱ्या पाळीच्या मुकादमाचं ते नाव अ‍ॅव्हरिलनं असं उच्चारलं, जणू दाताखाली खडा आला. "जॉबलिंगला पोरं किती? शून्य. बायको? शून्य. आणि भत्त्याचं ज्ञान? ऐक. सगळा जात नाही. साठच्या वर दर पुऱ्या दोनशे पौंडांना भत्त्याचा शंभरावा हिस्सा टॅक्सवाले तुझ्याकडून परत मागतात. भत्ता शॉनाला, बिल तुला. सगळा जायला ऐंशी हजार मिळवावे लागतील, आणि तेवढे तू काही मिळवत नाहीस."

"पण साठच्या वर गेलो की त्यांना कळवायचं, फॉर्म भरायचा, हे खरं ना?"

ते खरं होतं. आणि घोडं तिथंच अडलं होतं. शॉनाचा भाऊ डेल उत्पन्नाच्या या रेघेच्या वर गेला होता आणि त्यानं कुणाला कळवलं नव्हतं. कळवायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. तीन वर्षांनी टॅक्सवाल्यांचं खाकी पाकीट आलं, मागची सगळी वसुली आणि वर दंड. डेलनं सिलोथच्या किनाऱ्यावरचा घरचा जुना कॅरॅव्हॅन, सुट्टीचं चाकांवरचं घर, विकला. शॉनाची लहानपणची सगळी सुट्टी त्या कॅरॅव्हॅनमध्ये गेलेली. तेव्हापासून तिनं घरात सांगून ठेवलं होतं, ते पाकीट या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. केल्विन रेघेच्या वर गेला तर त्याच दिवशी ती भत्ता बंद करून टाकणार होती, सगळाच्या सगळा.

"म्हणजे वर्षाचे तीन हजार गेले," केल्विन म्हणाला. "पगार वाढणार सहा हजारांनी, त्यातले अडीच टॅक्सात जाणार. मग उरलं काय? वरून सगळ्यांच्या शिव्या खायच्या. आज फक्त जॉबलिंगच्या खातो."

"थांब. पेन्शन धरलंस का?"

"ते कशाला धरायचं?"

"देवा, याला पंप कोण जोडू देतं!" तिनं पेन्सिल घेतली. "स्लिपवर वरची ओळ दिसते ना, सगळ्यात मोठा आकडा? तोच आपला पगार असं सगळे धरून चालतात, कारण तो वाचायला बरा वाटतो. रेघ त्याच्यावर मोजत नाहीत. पेन्शनमध्ये जे जातं ते त्यातून आधी वजा करायचं. कंपनी तुझ्यासाठी भरते ते सोड, ते या मोजणीत तुझं नव्हतंच कधी. तू भरतोस ते."

तिनं नव्या पगाराची स्लिप संगणकावर मांडून पाहिली. पेन्शनच्या ओळीत महिन्याला दोनशे नऊ पौंड सदुसष्ट पेन्स. वर्षाचे दोन हजार पाचशे सोळा. बासष्ट हजार नऊशेतून ते काढले.

खिडकीच्या अलीकडे पलीकडे दोघांनी तो आकडा एकदमच पाहिला. साठ हजार तीनशे चौऱ्याऐंशी.

"वर," केल्विन म्हणाला.

"किंचित वर. एकच हिस्सा, वर्षाचे एकतीस पौंड. जत्रेत पोरांवर याहून जास्त उडवतोस."

"एकतीस पौंडांचं नाही गं. पाकिटाचं आहे. तू शॉनाला ओळखत नाहीस."

"पेन्शनचा टक्का एकानं वाढवला असता तर खाली आला असतास. पण बदल फेब्रुवारीत करायचा असतो, आणि तू फेब्रुवारीत कुठं होतास?"

"पंप जोडत होतो."

"तेच तर."

"असू दे," तो म्हणाला. "तू म्हणालीस वर, म्हणजे वर." आणि गेला. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर अजून दोघांना विचारलं असतं. पण अ‍ॅव्हरिलनं सांगितल्यावर दुसऱ्याला विचारायची पद्धत त्या कारखान्यात नव्हती. या गोष्टीचा तिला एरवी अभिमान वाटायचा. त्या दिवशीही वाटला, थोडा.

गुरुवारी साडेपाचला ती घरी आली तेव्हा दाराशी तिचं स्वतःचं पेन्शनचं वार्षिक पत्रक पडलं होतं. ओव्हनमध्ये टॅटी पॉट, म्हणजे मटण आणि बटाटे, शेजारी लाल कोबीच्या लोणच्याची बाटली. अ‍ॅव्हरिल पत्रकं फोडत नसे, उलगडत असे. पट्टी घेतली, पेन्सिल घेतली, आणि आपल्या बारा स्लिपांतल्या पेन्शनच्या ओळी बेरजेला लावल्या. एक हजार दोनशे चाळीस. पत्रकावर, कंपनीचे सोडून, होते एक हजार पाचशे पन्नास.

तिनं बेरीज पुन्हा केली. तीच आली. तीनशे दहा पौंड जास्त.

पहिल्यांदा तिला राग आला. कमी दाखवले असते तर समजू शकलं असतं, पण जास्त दाखवणं म्हणजे शुद्ध गलथानपणा. फोन करून त्यांची हजेरी घ्यायची म्हणून तिनं पत्रक जवळ ओढलं, आणि तिथं दोन ओळी होत्या. तुम्ही भरलेले: १२४०. सरकारनं घातलेले: ३१०.

अ‍ॅव्हरिल खुर्चीत मागं टेकली.

हे तिला माहीत होतं. म्हणजे, आपल्या गल्लीच्या पाटीवरचं नाव जसं माहीत असतं तसं, कधी वाचलेलं नसतं. दोन वर्षांपूर्वी कारखाना दक्षिणेतल्या एका मोठ्या कंपनीनं घेतला आणि गेल्या वर्षी पेन्शनची जुनी योजना बदलली. जुन्या योजनेत पुरे शंभर पगारातून टॅक्सच्या आधी कापले जायचे, जेवढे स्लिपवर तेवढेच खरे. नव्या योजनेत शंभरातले ऐंशीच पगारातून जातात, टॅक्स भरून झाल्यावर, आणि वरचे वीस सरकार परस्पर पेन्शनमध्ये घालतं. मुख्य कचेरीतून आलेल्या एका पोरानं हे शिकवलं होतं, बिस्किट खाता खाता. ओळीचं नाव मात्र होतं तेच राहिलं, 'पेन्शन'. शेजारी मुंगीएवढी तीन अक्षरं वाढली होती, नव्या पद्धतीची खूण. पंचेचाळीस वर्षांच्या सवयीनं तिच्या डोळ्यांनी ती ओलांडली. स्वतःला मूलबाळ नाही, कारखान्यात साठ हजारांच्या आसपास जाणारे चार-पाच. साठची रेघ तिनं कधी कुणासाठी मोजलीच नव्हती.

मग रेघ मोजताना वजा काय होतं? ऐंशी की शंभर?

तिनं सरकारी पान उघडून वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शंभर. म्हणजे केल्विनचे दोन हजार पाचशे सोळा नाहीत, तीन हजार एकशे पंचेचाळीस. कागदावर तिनं वजाबाकी मांडली आणि उत्तराखाली रेघ मारताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

एकोणसाठ हजार सातशे पंचावन्न. खाली.

घड्याळात सहाला पाच मिनिटं कमी होती. ओव्हन बंद करून अ‍ॅव्हरिलनं कोट चढवला. फोन करता आला असता. पण चूक फोनवर सांगायची गोष्ट नव्हे, असं तिचं मत होतं. हे मत तिला त्याच क्षणी झालं, कारण याआधी तशी वेळच आली नव्हती.

फिअरनांचं घर टेकडीवर. दार शॉनानं उघडलं, हातात झारा.

"अरे बापरे, कारखाना आता घरपोच पगार द्यायला लागला की काय?"

"केल्विन आहे?"

"जेवतोय. ये आत, दार लाव, गरम हवा बाहेर जाते. पैसे पडतात तिला."

टेबलाभोवती तीन पोरं आणि केल्विन, ताटात मासळीच्या कांड्या, बीन्स आणि चिप्स. अ‍ॅव्हरिल उभीच राहिली.

"केल्विन, परवा मी चुकले."

केल्विनचा काटा तोंडापाशी थांबला. थोरलीनं बापाकडं पाहिलं, मग अ‍ॅव्हरिलकडं. मेरीपोर्टात नऊ वर्षांच्या पोरीलाही कळतं की काहीतरी भलतंच घडलंय.

"परत म्हण," शॉना म्हणाली.

"चुकले म्हटलं ना. कितीदा म्हणू?"

"एकदाच. मला ते फोनवर रेकॉर्ड करायचंय."

अ‍ॅव्हरिलनं तिकडं लक्ष दिलं नाही. मधल्या मुलाच्या ताटात पाच कांड्या होत्या. ते ताट तिनं पुढं ओढलं. "हे बघा. हे केल्विनचं पेन्शन. यातल्या चार त्याच्या पगारातून जातात. पाचवी सरकार ठेवतं. स्लिपवर दिसतात चार, परवा मी चार वजा केल्या. पण भत्त्यासाठी रेघ मोजताना टॅक्सवाले पाचच्या पाच वजा करू देतात. म्हणजे—"

"चारच आहेत," मधला म्हणाला. तो चावत होता.

"पाचवी तुझ्या पोटात आहे, बाळा. नसल्यासारखी दिसते, पण आहे. तुझ्या बापाच्या पेन्शनचं अगदी तेच झालंय."

केल्विननं काटा खाली ठेवला. "म्हणजे मी खाली?"

"दोनशे पंचेचाळीस पौंडांनी खाली. फॉर्म नाही, बिल नाही, पाकीट नाही."

तो शॉनाकडं पाहू लागला. शॉना झारा घेऊन तशीच उभी होती.

"मंगळवारी एक सांगितलंस," ती म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "आज दुसरं. पुढच्या गुरुवारी तिसरं सांगशील. तोवर यानं सही केलेली असेल आणि पाकीट माझ्या दारात येईल. डेललाही कुणीतरी सांगितलंच होतं, काही होत नाही म्हणून."

पंचेचाळीस वर्षांत अ‍ॅव्हरिलला कुणी पुरावा मागितला नव्हता. तिचा शब्दच पुरावा होता, आणि तो तिनं दोन मिनिटांपूर्वी स्वतःच्या हातानं मोडला होता. तिनं खिशातून नवी पेन्सिल काढली, कोरा कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"माझ्यावर नको विश्वास ठेवूस. तू मोज."

"मी?"

"शाळेत रोज किती पानं वाढतेस?"

"दोनशे चाळीस."

"आणि कधी एखादं कमी पडलंय?"

"कमी पडलं तर पोरं मला खातील."

"मग बस."

शॉना बसली. सरकारी पान तिनं स्वतः उघडलं, स्वतः वाचलं, ओठ हलवत, दोनदा. जिथं अडली तिथं अ‍ॅव्हरिल गप्प राहिली, आणि गप्प राहणं तिला वजाबाकीपेक्षा जड गेलं. पेन्शनचा ठरलेला हिस्सा, पगाराचे पाच टक्के, काढला. तीन हजार एकशे पंचेचाळीस. त्याचे चार पंचमांश काढून ते स्लिपच्या ओळीशी जुळतात का, हे तिनं पाहिलं. जुळले. मग मोठ्या आकड्यातून वजा. धाकट्याचे बीन्स कागदावर सांडले, ते तिनं बोटानं बाजूला सारले.

"एकोणसाठ, सातशे पंचावन्न," ती म्हणाली.

आकड्याखाली तिनं दोन रेघा ओढल्या.

"शेजारच्या पेन्रिथबाईचं बघ," शॉना पेन्सिलीनं भिंतीकडं दाखवत म्हणाली. "ती पंचावन्न मिळवते, तो पंचावन्न मिळवतो. घरात एक लाख दहा हजार येतात आणि भत्ता पुराच्या पुरा. आमच्यात एकटा मिळवणारा, तर आम्ही रेघा मोजत बसायचं. हा नियम कुणी केला?"

"ज्याला पोरं सांभाळायला नोकर होते त्यानं," अ‍ॅव्हरिल म्हणाली.

शॉना हसली. मग एकदम नवऱ्याकडं वळली. "आणि तुला काही सुचलं नाही? तू नाही म्हटल्यावर ती जागा कुणाला जाणार होती?"

केल्विननं जरा विचार केला. "जॉबलिंगला," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं.

"सकाळी सातला जाऊन हो म्हण," शॉना म्हणाली. "आणि अ‍ॅव्हरिल, पुढच्या फेब्रुवारीत याचा टक्का वाढवायचा. दोनशे पंचेचाळीसच्या काठावर मला झोप लागायची नाही."

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुट्टीत अ‍ॅव्हरिल कँटीनमध्ये आली. ती तिथं येत नसे, चहामुळं. साठ-सत्तर माणसं होती. टेबलावर चमचा आपटून ती म्हणाली, "मंगळवारी मी केल्विन फिअरनला चुकीचा आकडा सांगितला. आणखी कुणी माझ्याकडून किंवा दुसऱ्या कुणाकडून ऐकून भत्ता बंद केला असेल, बढती नाकारली असेल, तर आपली स्लिप घेऊन खिडकीवर या. मी मोजणार नाही. तुम्ही मोजायचं, मी बघणार."

मग जॉबलिंग म्हणाला, "म्हणजे अ‍ॅव्हरिलसुद्धा चुकते तर."

"हो. पंचेचाळीस वर्षांत एकदा. तू तुझी सरासरी काढ, मग बोल."

सत्तर माणसं हसली, आणि जॉबलिंगनं चहाच्या कपात तोंड घातलं. तिथं तो सुरक्षित होता, कारण तिथं त्याच्या मागं कुणी जाणार नव्हतं.

दुपारपर्यंत खिडकीशी पाच जण येऊन गेले. त्यातल्या लेथवरच्या एका पोक्त माणसानं दोन वर्षांपूर्वी बायकोच्या भत्त्याचा दावाच रद्द करून टाकला होता, कँटीनमधल्या गप्पांवर विसंबून. पेन्शनची ओळ तो बोटानं चाचपत राहिला. मोजून झाल्यावर तो म्हणाला, "साठच्या खूप खाली आहे मी. बायकोला काय सांगू?" अ‍ॅव्हरिल म्हणाली, "खरं सांग. मी काल सांगून पाहिलं. मरत नाही माणूस." आणि भत्ता पुन्हा सुरू करायचा अर्ज कुठं मिळतो ते त्याला लिहून दिलं. मागचं सगळं मिळणार नाही, तीनच महिन्यांचं मिळेल, हेही त्यातच लिहिलं. गोड बोलून खोटं सांगायची तिला सवय नव्हती, ती या वयात लागणार नव्हती.

बारा वाजून दहा मिनिटांनी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. शाळेच्या जेवणघरातून, मागं भांड्यांचा आवाज.

"त्यानं हो म्हटलं का? मला फोन उचलत नाहीये."

"खाली पंपाच्या आत डोकं घालून बसलाय. म्हटलं हो. कागद आलाय माझ्याकडं."

"सही आहे?"

"सही आहे. तारीख चुकवलीय, फेब्रुवारी लिहिलाय."

"मग दुरुस्त कर ना!"

"मी कशाला करू? परत पाठवलाय, नीट लिहून आण म्हणून. मॅनेजर झाला म्हणून काय झालं?"

पलीकडं शॉना इतकी मोठ्यानं हसली की कुणाच्या तरी हातून ताट पडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "थांब, दोनशे चाळीस पोरं रांगेत आहेत," आणि फोन ठेवला.